जॅझच्या हॉलचं उद्यापन

सोळा सोमवारांचं उद्यापन म्हटलं की मला अजून धडकी भरते बघा. संस्थानकाळात जिथं जॅझ वाजायचा, त्या जुन्या हॉलात आमचे हे सॅक्सोफोन शिकवायचे. हॉल विकून पाडणार असं कानावर आलं, म्हणून तो वाचावा यासाठी मी सोळा सोमवार धरले. उद्यापनाला सवाष्ण म्हणून हॉलच्या मालकीणबाईंनाच बोलावलं. ओटी भरताना त्या म्हणाल्या, "माझंबी उद्यापन गेल्या सोमवारीच झालं की."

"कशासाठी धरलं होतं, वैनी?"

"हॉलला गिऱ्हाईक घावावं म्हणून. छप्पर गळतंय, झेपत न्हाय आता. आनि तू गं?"

माझ्या हातातला नारळ तसाच राहिला. "घावू नये म्हणून."

वैनी पदर सावरत म्हणाल्या, "चल देवळात. वाजवणारं गिऱ्हाईक दे म्हणून सांगू."