सासऱ्याला मजूर म्हणालो

मोलगीच्या बाजाराच्या वर डोंगरात आमचा पाडा, तिथंच जन्मलो, बाप बांबू तोडायचा, आई मोह वेचायची, साळा काय असते ते मला ठाऊक न्हवतं. आमच्यात लहानमोठ्या समद्यांना तूच म्हणतात, मामलेदार आला तरी तूच, तुम्ही म्हणायला मला पलटणीतल्या हवालदारानं शिकवलं, तो साताऱ्याकडचा, थपडा मारून शिकवलं, माझी ही बोली बी त्याचीच, म्हणून मास्तर तुम्हाला तुम्ही म्हणतो, पण मधी एखादा तू निघाला तर राग मानू नका.

मोठी लढाई लागली तवा बाजारात दवंडी झाली, बंदूक न्हाई धरायची, नुसतं ओझं उचलायचं, आणि ओझं तर आम्ही जन्मापासून उचलतो, म्हणून गेलो. आगबोटीतून बसऱ्याला. तिथं बोटीतून रेल्वेचे रूळ उतरवत व्हतो, एकाचा हात सुटला आणि रूळ माझ्या कमरेवर आला. काय सांगू तुम्हाला, त्या दिवसापासून मी वाकलो न्हाई, आज बी वाकत न्हाई, भाकरीचा तुकडा पडला तर बायको उचलून देते. सरकारनं सांगितलं, हा माणूस कामाच्या लायक न्हाई, जोवर काम व्हत न्हाई तोवर पेन्शन.

त्या पेन्शनीवर मीठ यायचं, कापड यायचं, पावसाळ्यातली ज्वारी यायची. पण खरी गोष्ट ती न्हाई. माझी बायको जामी, मी पलटणीतून मोडून आलो तवा ती लाकडाच्या ठेकेदाराकडं ओझी वाहायला जायची, त्यात तिची दोन लेकरं पोटातच गेली. पेन्शन आली तसं मी तिला म्हणालो, बस, आता डोक्यावर लाकूड न्हाई. मंग तिला पुन्हा दिवस गेले. पेन्शन बंद पडली असती तर तिलाच परत जंगलात जावं लागलं असतं, मी कुठं जाणार, मी तर वाकत न्हाई.

तर त्या पावसाळ्यात माझ्या वावरात लाह व्हती. लाह म्हणजे समदा पाडा एकाच्या वावरात येतो, निंदणी करतो, संध्याकाळी जेवतो, पितो, आणि मंग दुसऱ्या कुणाच्या वावरात समदे जातात, त्यात पैसा न्हाई, मालक न्हाई, मजूर न्हाई. मी बांधावर उभा राहून ढोल वाजवत व्हतो, तेच माझं काम, समद्यांचे हात चालावेत म्हणून. पुढं नुरजी पाटील व्हता, जामीचा बाप, पाड्याचा कारभारी. आणि खालून तालुक्याचा कारकून आला, पेन्शनवाले काम करतात का बघायला.

त्यानं त्याच्या खानदेशीत विचारलं, हाई वावर कोनं शे? मी म्हणालो माझं. मंग काम कोन करस? आता मास्तर, समदा पाडा ऐकतोय, मी कसं म्हणू की हे माझ्यासाठी राबतात, ते म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकणं. मी म्हणालो, आम्हीच करतो. त्यानं विचारलं, तू भी जास का त्यासना वावरमा? जातो की, मी म्हणालो, एक बी लाह चुकवत न्हाई. छाती फुगवून म्हणालो. तो हसला, वहीत काही लिहिलं आणि निघून गेला, आणि पुढच्या बाजाराला सांगावा आला, नंदुरबारला सरकारी बंगल्यावर डॉक्टर येणार, हजर राहा, न्हाईतर पेन्शन बंद.

जामीला मी सांगितलं न्हाई, तरी तिनं कोपऱ्यातली चुंबळ काढून झटकून ठेवली, ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची ती. सकाळी निघालो तर नुरजी दारात उभा. म्हणाला, मी येतो.

बंगल्यावर डॉक्टरनं मला वाकवायला बघितलं, मी कळवळलो, तो म्हणाला कंबर तर गेलेलीच हाय. पण कारकून मधी बोलला, साहेब, हा गावभर वावरात जातो, माझ्यासमोर बोलला. डॉक्टर म्हणाला, मंग तुझं शेत कोण करतं? मी लाह सांगितली, मी नुसता ढोल वाजवतो ते बी सांगितलं, तर कारकून म्हणाला, फुकट कोनी करस का? तवा नुरजी पुढं आला. ज्या माणसानं ठेकेदाराला कधी मान वाकवली न्हाई, जंगलच्या शिपायाची घोंगडी उचलायला नकार दिला म्हणून मार खाल्ला, तो म्हणाला, मी करतो, मी याचा मजूर.

कारकून माझ्याकडं वळला. हाऊ मजूर शे का तुन्हा? तूच सांग.

मी नुरजीकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत व्हता, आणि हळूच आमच्या बोलीत म्हणाला, जामीचं बघ. मंग मी म्हणालो, हां, मजूर हाय माझा. माझ्या सासऱ्याला म्हणालो, मास्तर, आणि मला रडू आलं, डॉक्टरला वाटलं कंबर दुखते.

पेन्शन राहिली. जामीला मुलगा झाला. नुरजीनं ती गोष्ट पाड्यात कुणाला सांगितली न्हाई, मला बी पुन्हा बोलू दिली न्हाई, उलट पुढच्या लाहला म्हणाला, ढोल जरा जोरात वाजव.

तो जाऊन आता पुष्कळ पावसाळे झाले, त्याच्या मयतीला ढोल मीच वाजवला, हात सुजेस्तोवर. पोरगा आता लाहला पुढं असतो. आणि मी अजून दरसाल पेन्शनीसाठी खाली कचेरीत जातो, कारकून बदलले, पण विचारतात तेच, तो मजूर शे ना अजून? मेला म्हणालो तर विचारतील मंग आता कोण, आणि मला पुन्हा कुणाला मजूर म्हणायचं न्हाई. म्हणून म्हणतो, हाय. त्यांच्या कचेरीत तो जिता हाय, माझ्यासाठी राबतोय. जिथं असंल तिथं सुखात असो, आणि तिथं तरी त्याला कुणी मजूर म्हणू नये.