नातीचा सराव आणि माझी विहीर

माझी नात भूकरमापकाच्या परीक्षेला बसलीय राव. सरावाला म्हणून तिनं आमचंच पिंपळवंडीचं रान मोजायला काढलं. टेपचं दुसरं टोक धरायला शेजारचा किसन हसत हजर! बांधावरनं त्याचं न माझं जन्माचं वाकडं, तरी आला.

नकाशा बघून पोरगी घाबरली. "आबा, आपली विहीर किसनतात्याच्या हद्दीत येतीय."

"परत मोज!"

तिनं तीनदा मोजलं. विहीर काय हलंना. ह्या हातांनी खणलीय मी ती!

किसन गालात हसत व्हता. मी इचारलं, "तुला ठाऊक व्हतं व्हय रं?"

"तुमी पैली कुदळ मारली तवापासनं."

"मग तवाच का न्हाई बोलला?"

"फुकटात विहीर खणून देणाऱ्याला कोण आडवतंय, आबा?"