कोरा माल

यज्ञेश : ओरडू नको काय सांगतेस, ताई! उद्या लोट्याला, कारखान्यात, चौकशी आहे माझी. साहेब म्हणतात, क्रेटमधली दोन्ही प्लास्टिकं एकमेकांत घट्ट गुंततात असं संगणकाने दाखवलंय. मग फुटलेले क्रेट यज्ञेशच्या पाळीत बनलेले, फुटले ते त्याच्याच चुकीने. संगणक कुणाचा? तुझा!

भार्गवी : गुंततातच. आजही तेच म्हणेन.

यज्ञेश : बंदरावर बर्फाने भरलेला क्रेट तळातून सुटला. महिपतच्या पायाची बोटं गेली. जा, त्याला सांग!

पद्मजा : हळू बोला रे. आप्पा ओटीवर आहेत.

यज्ञेश : ऐकू देत! आई, हिने काय केलं माहित्ये? दहा-बारा अणूंचा मिळून एक मणी केला आणि पडद्यावर माळा नाचवल्या. म्हणे हे प्लास्टिक!

भार्गवी : एकेक अणू मांडला असता तर माझा जन्म पुरला नसता. बारीकसारीक गाळावंच लागतं. पण माळा केवढ्या लांब धरायच्या, ते कारखान्यातून कळावं लागतं. म्हणून गणपतीत, आरत्या आटपल्यावर, इथेच विचारलं होतं तुला, यंत्रात काय काय घालता?

यज्ञेश : सांगितलं ना. कोरा माल, सगळे नवे दाणे.

भार्गवी : माझ्याकडे बघून सांग.

यज्ञेश : सगळेच घालतात गो. नापास झालेले क्रेट दळायचे, आणि निम्मे नवे, निम्मे…

भार्गवी : निम्मे! मेल्या, दळून पुन्हा वितळवलं की माळा तुटतात. आखूड माळा गुंतत नाहीत, सुटतात! मी लांब धरल्या. तुझ्या शब्दावर!

यज्ञेश : साहेबांची ताकीद होती. बाहेर बोलायचं नाही.

भार्गवी : बाहेर? मी बाहेरची?

पद्मजा : काल महिपतची आई आली होती, मथुरा. बांगडे घेतले मी. मुलाच्या पायाचं तिने काढलं नाही, मीही विचारलं नाही. लाज वाटली मला. यज्ञेश, उद्या बोलणारेस ना हे?

यज्ञेश : नोकरी जाईल, आई.

भार्गवी : पहाटेच्या एसटीने मीही येते. माळा चुकीच्या धरल्या, हे मी सांगेन. कुणाच्या शब्दावर, ते तू सांगायचंस.

यज्ञेश : आणि नाही बोललो तर?

भार्गवी : तर मग मी खरंच बाहेरची.