समोरच्या पाळण्यातलं वजन

आमचे वडील मास्तर, त्यामुळं मजा करणं हा त्यांना गुन्हाच वाटायचा. मुरगूडच्या जत्रेत आई म्हणाली, "मला पाळण्यात बसायचंय," तर मी कॉलेज सोडलं तेव्हाही तापले नव्हते एवढे तापले.

"या वयात? लोक हसतील!"

"तुम्ही भिताय म्हणून तिनं बसायचं न्हाय व्हय?" असं म्हणून मी आईला घेऊन बसलोच.

चाक हातानं फिरवणारा पाळणेवाला वडिलांना म्हणाला, "पावणं, समोरच्या पाळण्यात वजन पायजे, त्याबिगर चाक फिरायचं न्हाय. बसा की!"

वडील बसले, डोळे गच्च मिटून. आई वर गेली की खिदळायची, ते वर गेले की देवाचा धावा करायचे.

चाक थांबताच आई ओरडली, "अजून एकदा!"

"पावणं, उतरताय?" पाळणेवाल्यानं वडिलांना विचारलं.

डोळे न उघडताच वडील म्हणाले, "मी उतरलो तर ती कशी फिरंल? फिरव!"