स्वतःच्या मापाचा कोट

...आणि वर लोक म्हणतात, कोट काय, विकत मिळतो की! मिळतो हो! पण तुम्हाला सांगतो, विकतचा कोट कुणाच्याही मापाचा असतो, मला हवा होता माझ्या मापाचा! बावन्न वर्षं, बावन्न, मी थोरल्या भावाचे उतरलेले कपडे घालतोय! शाळेतला सदरा दादाचा, लग्नातला सूटसुद्धा दादाचा... बायको अजून म्हणते, "त्या सुटात तुम्ही नेमके कुठे आहात, ते शोधूनच हार घातला मी." आता बोला!

तर म्हटलं, स्वतःच शिवू! जुन्या बाजारात एक लोकरीचं पांघरूण सापडलं. राखाडी, जाडजूड, कोपऱ्यात कसर लागून पडलेलं एक भोक. दुकानदार म्हणतो, "भोकाचे पैसे लावत नाही, साहेब." अस्तराला वहिनीने निळे सॅटिनचे पडदे दिले, "न्या हो भाऊजी, पडूनच आहेत." म्हणजे आतून दादाच्या खिडक्या, बाहेरून कुणाचं तरी अंथरूण... पण कोट? माझ्या मापाचा!

मशीनवर बसलो की मन थाऱ्यावर नसायचं बघा. चाक फिरतंय, लोकर हळूहळू सरकतेय, आणि मी कुठे? धुक्यात! सकाळचा रिकामा रस्ता, मी कोट घालून चाललोय, हात खिशात, कॉलर वर, वाऱ्याने निळं अस्तर जरासं दिसतंय, लपतंय... आणि वाटेत एक माणूस, एकसुद्धा, विचारत नाही की "हा दादाचा ना?" किती सुख ते! चालतोय, चालतोय... तेवढ्यात बायको, "अहो, दोरा कधीच संपलाय, नुसतेच पाय मारताय!" मग पुन्हा दोरा ओवा, पुन्हा टीप, पुन्हा धुकं... आणि ते सॅटिन! धरावं तर निसटतं, टाचावं तर बोटच टाचलं जातं! असे अडीच महिने!

शेवटचं बटण लावलं, इस्त्री केली, अंगात घातला... खांदे दंडावर! बाह्या बोटांच्या टोकापर्यंत!

"अहो, माप कुठलं घेतलंत?"

"कुठलं म्हणजे? माझंच! माझा रोजचा कोट उसवला, तुकडे कापडावर मांडले, खडू फिरवला..."

"आणि तो रोजचा कोट कुणाचा?"

...दादाचा हो! वर मी शहाणा, तिने आत दुमडून दिलेल्या बाह्याही उसवून सरळ केल्या होत्या! बावन्न वर्षं ढगळ घालून मला वाटायचं, कपडा म्हणजे असाच असतो. खोटं कशाला सांगू, बसून रडलो.

आणि नेमका दादा आला. "बघू, बघू" करत कोट चढवला. तुम्हाला सांगतो, ओतल्यासारखा बसला! आरशासमोर उभा राहिला, बाह्यांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणतो, "माझ्यासाठी शिवलास? अरे, मी थोरला, मला नेहमी दुकानातलं आणलं... हाताने कुणी कधी काही शिवलं नाही रे माझ्यासाठी." डोळे भरलेले त्याचे! आता काय सांगू त्याला? म्हटलं, "हो दादा... तुझ्याच मापाचा."

नेला! घालूनच गेला घरी!

जाऊ दे. दादा कपडा जपून वापरतो... चार-पाच वर्षांत येईलच माझ्याकडे.