ओळखीचा नंबर

मलकापूरच्या दवाखान्यात अनसूयाबाई रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढचा गडी खिडकीतल्या कॉम्प्युटरवाल्यावर खेकसला.

"सांगलीच्या लॅबनं बायकूचा रिपोर्ट परवाच मेल केलाय. तिचं ऑपरेशन अडलंय, आन् तुमी म्हणताय आलाच न्हाई!"

"आला होता, पण स्पॅममध्ये गेला. लॅबचा आयपी नंबर, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बदललाय. मेल चाळणारा आमचा फिल्टर जुन्याच नंबरावर विश्वास ठेवतो."

"मग त्या जुन्या नंबरावरनं आता कोण मेल धाडतंय?"

"तो नंबर आता एका जाहिरातवाल्याकडं गेलाय."

"म्हंजे त्येची जाहिरात थेट डॉक्टरांपुढं, आन् माझ्या बायकूचा रिपोर्ट कचऱ्यात? बदला की तो नंबर!"

"साहेबांची परवानगी लागते."

"मग मागा की!"

"मागितलीय. मेल केलाय त्यांना."

मागून अनसूयाबाई कडाडल्या, "ऊठ! ऊठ आदी, आन् चालत जा त्यांच्याकडं!"