त्या दिवशी मी उठले नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तळाचे प्रमुख, आदरणीय कर्नल स्टॅनिकसाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले सार्जंट मेजर टूसाँ, गावातल्या कम्युनिटी कॉलेजच्या गणित विभागप्रमुख डॉ. एलिंग्सन बाई, पहिल्या रांगेत बसून केककडे बघणारा माझा नवरा ड्वेन, आणि कितीही हात धुतले तरी ग्रीसचाच वास येणाऱ्या माझ्या वाहनशाळेतल्या भावंडांनो,

मघापासून माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की मी गेले की काय, अशी मलाच शंका यायला लागली. मी फक्त निवृत्त होते आहे. लोभ असू द्या, पण हुंदके आवरा.

कर्नलसाहेब मघाशी म्हणाले, "सार्जंट विंचेल यांनी नोकरी सांभाळून गणितातली पदव्युत्तर पदवी मिळवली, याचा तळाला अभिमान आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण साहेब, हा अभिमान जरा उशिरा पोचला. वाटेत तो कुठे अडला होता, हे सांगायला आज माइक माझ्या हातात आहे, आणि उद्यापासून तुम्ही मला शिक्षा करू शकत नाही.

मला गणित शिकवायचं होतं. कॉलेजात शिकवायचं तर ही पदवी हवीच. गावातल्या संध्याकाळच्या वर्गात मी दोनदा नाव घातलं. एकदा कुवेतला रवानगी झाली, एकदा पोलंडला. परत आले तर सत्र संपलेलं. प्राध्यापक सज्जन होते, म्हणाले, "काय करणार, सत्र कुणासाठी थांबत नाही हो." खरं आहे. सैन्याचा हुकूमही थांबत नाही. मग मधल्यामध्ये माणसानं काय करावं? मी थांबणारं विद्यापीठ शोधलं. सगळं संगणकावर, आपापल्या गतीनं. महिनोन्‌महिने वाळूत ट्रक दुरुस्त करा, परत या, धडा सोडला होता तिथून उघडा.

बातमी भोजनगृहात पोचली. कर्नलसाहेब ताटात ब्रिस्केटचं भाजलेलं मांस वाढून घेत म्हणाले, "आपापल्या गतीनं? सार्जंट, सैन्य दुसऱ्याच्या गतीनं चालतं." शेजारचे कॅप्टन म्हणाले, "पदवी पिझ्झाबरोबर घरपोच येते का?" मी म्हटलं, "येते, साहेब. फक्त भाजायला जरा जास्त वेळ लागतो."

शेवटची परीक्षा राहिली. ती कॅमेऱ्यासमोर द्यायची असते. दूर कुठल्याशा शहरात बसलेला पर्यवेक्षक आपल्यावर नजर ठेवतो. खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, बोलायचं नाही, चेहरा चौकटीबाहेर गेला की परीक्षा रद्द. आता तळावर एकांत म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. दार लागेल अशी एकच जागा मिळाली, टायरचं कोठार. गणित रंगात आलं होतं आणि दार उघडलं. कर्नलसाहेब! मी काय केलं असेल? आयुष्यभर जे केलं तेच. ताडकन उठले आणि सावधान उभी राहिले. तिकडे पर्यवेक्षकाला माझं पोट तेवढं दिसत होतं. साहेब म्हणाले, "बसा, बसा." आता बसून काय उपयोग?

"उभी राहिली म्हणून नापास झाली, असली कसली पदवी?" हा विनोद अधिकाऱ्यांत बरेच दिवस चालला. मला मात्र हसू आलं नाही. परीक्षेची एकच संधी उरली होती, आणि एलिंग्सन बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आमच्या कॉलेजातली शिकवण्याची जागा तुमच्यासाठी उन्हाळ्यापर्यंत राखते, पुढचं माझ्या हातात नाही."

घरी मी भांडी आपटली. ड्वेन म्हणाला, "मग पुढच्या खेपेला उठू नकोस."

"आणि कर्नल आला तर?"

"कर्नल काय, छप्पर खाली आलं तरी."

सांगायला काय जातं! कोवळ्या वयात भरती होताना शिकवलेलं ते गुडघ्यांत मुरलेलं असतं.

दुसऱ्या खेपेला दारावर पाटी लावली, आणि दाराबाहेर सार्जंट मेजर टूसाँ खुर्ची टाकून बसले. पेपर अर्ध्यावर आला आणि बुटांचा आवाज आला. मग ओळखीचा स्वर. "बाजूला व्हा, जनरलसाहेबांना कोठार दाखवायचंय."

"साहेब, आत परीक्षा चालू आहे."

"ही माझी इमारत आहे, सार्जंट मेजर."

"इमारत तुमचीच आहे, साहेब. परीक्षा तिची आहे."

दार हातभर उघडलं. माझ्या पाठीवर ऊन पडलं. गुडघे आपोआप ताठ व्हायला लागले. डाव्या हातानं मी खुर्चीची कड घट्ट धरली आणि उजव्यानं गणित सोडवत राहिले. मागे दाराबाहेर साक्षात जनरल उभे आहेत, ही बेअदबी आहे, सगळं कळत होतं. पण मी उठले नाही. मग दार लागलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून विचारलं, "मी आलो ते कळलं होतं?"

"हो, साहेब."

"तरी उठला नाहीत?"

"नाही, साहेब."

शिक्षा झाली. नव्या भरतीला अधिकाऱ्यांसमोर उठण्याबसण्याचे धडे द्यायचे. दिले की. माझी मास्तरकी तिथूनच सुरू झाली म्हणा ना. त्यातली मारिसोल केसाडा आज मागच्या रांगेत बसली आहे. पहिल्याच दिवशी तिनं हळूच विचारलं होतं, "सार्जंट, ते थांबणारं विद्यापीठ कोणतं हो?" सध्या तिचा पहिला विषय चालू आहे. साहेब, तिची परीक्षा येईल, तेव्हा कोठाराकडे फिरकू नका.

आणि हो, त्या दिवशी दार तुम्हीच ओढून घेतलंत, हे टूसाँनी मला नंतर सांगितलं. जनरलसाहेबांना तुम्ही म्हणालात, "कोठार उद्या बघू." मी ते विसरणार नाही. पण त्याचे आभार मानणार नाही. ते दार मला तुमच्या मेहेरबानीनं बंद नको होतं.

सोमवारी मी वर्गात शिरेन. आपल्याकडची पोरं मास्तर आला म्हणून उठत नाहीत, डोक्यावरची टोपीसुद्धा काढत नाहीत. मी त्यांना उठवणार नाही. कुणाचं गणित अर्ध्यावर असेल, तर मीच दाराशी थांबेन.

टूसाँ, एलिंग्सन बाई, ड्वेन, आणि मला इतकी वर्षं सहन करणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. इतक्या वर्षांत हातून ज्या चुका झाल्या, त्या सगळ्यांची माफी मागते. न उठल्याची तेवढी मागत नाही. ती चूक नव्हती.